उजव्या बाजूचा टिळा

२४ सप्टेंबर, बुधवार

इंजिन आज पुन्हा रुसलं. सलग चौथी सकाळ. काल संध्याकाळी माझ्या हाताने लावून, अर्धा तास चालवून, कान देऊन ऐकून मी घरी आलो होतो. आज सुरू केलं, थ्रॉटल मागे ओढला, आणि हीव भरल्यासारखं थरथरून बंद पडलं.

सुर्लाच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली, तेव्हा प्रत्येक मशीनच्या तक्रारींची वही ठेवायचो. त्याच सवयीने ही वही काढली आहे. विनिता म्हणाली, "मशीनची तक्रार लिवतास की तुमची?" आमच्या बायकोच्या तोंडाला थ्रॉटल नाही, सगळं एकदम फुल रेसमध्ये येतं.

तर तक्रार अशी. विमान दोन माणसांचं, वर कापडी पंख, मागे इंजिन. चार सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन सिलिंडर. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एकाने कमी ओढली तर वेगात कळत नाही, पण स्लोला कळतं. स्लो म्हणजे विमान उतरायला लागतं, पायलट थ्रॉटल मागे घेतो आणि इंजिनाने नुसतं शांत फिरत राहायचं असतं तो वेळ. नेमकं तेव्हा ते बंद पडलं तर खाली पेडण्याचा सडा आहे, सगळं जांभ्या दगडाचं पठार. धावपट्टी चुकली तर दुसरी जागा नाही.

म्हणून साईशला बजावलं की मी हो म्हणेपर्यंत पाहुणे बसवायचे नाहीत. साईश माझ्या बहिणीचा मुलगा. धंदा त्याचा, विमान तोच उडवतो. लगेच म्हणाला, "मामा, तुमी म्हणशात तेव्हाच उडतला." पाहुणे दिवाळीनंतर येणार आहेत, तोवर महिना आहे. असा भाचा मिळायला नशीब लागतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळं खोललं. दोन्ही कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाट्यांत पाणी नाही, कचरा नाही. फ्लोट विनिताच्या भांगार, म्हणजे सोनं, तोलायच्या काट्यावर तोलले (तिला सांगितलेलं नाही), वजन बरोबर. स्लोचे जेट फुंकून उजेडाला धरले, भोक स्वच्छ. चोकची केबल मोकळी. कार्बोरेटर ज्या रबरी तोंडाने इंजिनाला जोडतात ती रबरं पिळून बघितली. डाव्या रबराला केसाएवढी रेघ दिसली. अजून हवा ओढत नाही, पण ओढणार. नवीन मागवायला सांगितलं. साईश म्हणाला, पुढच्या महिन्यात.

आणि चोर सापडला! उजव्या कार्बोरेटरच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. तारेने काढलं. दोन्ही बाजूंना काटे लावून हवेची ओढ मोजली तर दोन्ही काटे जुळ्या भावांसारखे एका जागी. मिनिटाला सतराशे पन्नास फेरे, हलायचं नाव नाही. साईशलाच म्हटलं, डोळे मीट आणि ऐक. तो दहा वर्षांचा होता, बाप नुकताच गेला होता, तेव्हा माझ्या अंगणात स्कूटरच्या शेजारी बसवून मी त्याला असंच ऐकायला शिकवलं होतं. त्याने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत.

मग म्हणाला, "मामा, तुमी जावा आता, काळोख जायत. कुलूप मी लायतंय."

२७ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा तेच. थरथर, मग बंद. माशी नव्हती म्हणजे.

२९ सप्टेंबर, सोमवार

रोजचं आता ठरून गेलं आहे. संध्याकाळी मी स्लोचे स्क्रू फिरवून दोन्ही काटे जुळवायचे, सकाळी उजवा खाली गेलेला. उजवाच, दर वेळी. पेट्रोल बदलून झालं, गाळण्या बदलून झाल्या. दमट हवेला दोष देऊन बघितला, पण दमट हवा काय फक्त उजव्या बाजूला येते?

जेवताना विनिताला सांगत होतो. तिने भात वाढता वाढता विचारलं, "शेडची किल्ली कोणाकडे आसता?"

"साईशकडे. मग कोणाकडे?"

"आणि तुमी घराक आयल्यार तो एकटोच थंय आसता?"

मला असला राग आला की पान तसंच ठेवून उठलो. बाईमाणसाने इंजिनात डोकं घालू नये म्हणालो. हे म्हणायला नको होतं. तिने माझं पान झाकून ठेवलं. मुलाला जन्म आम्ही दिला नाही, पण साईशला तिनेही स्वतःच्या हाताने भरवलं आहे. तिच्या मनात असलं येतंच कसं?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांना विश्रांती. सकाळी स्क्रू फिरवून दोन्ही बाजू जुळवून घेतल्या आणि मग सगळे पाने, स्क्रूड्रायव्हर, काटे शेडमध्ये पाटावर मांडले, वर रोजांची, म्हणजे झेंडूची, माळ. उद्या सकाळी पूजा उतरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, हा माझ्या वर्कशॉपचा नियम, तोच इथे.

पिंजर (आमचं कुंकू) तेलात कालवली होती, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. साईशने पुढे होऊन उजव्या कार्बोरेटरला अंगठ्याने ढपकन टिळा लावला. मी ओरडलो, "अरे, देवाक अंगठो दाखयतंस? करंगळीशेजारचा बोट कित्याक दिला तुका?" हसला. लहानपणापासून तसंच करतो, कपाळभर. मी तो पुसला आणि अनामिकेने दोन्ही बाजूंना स्वतः लावला, नेमका स्लोच्या स्क्रूवर, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा बाजूच्या धातूवर. म्हटलं, दुखतं तिथेच औषध.

मग गाऱ्हाणं घातलं. बा देवा, या शेडमधला हात, कान आणि इंजिन, तिन्ही सरळ ठेव. साईश मागे होता. त्याचं "व्हय म्हाराजा" नेहमीपेक्षा हळू आलं. गेल्या वर्षी याच जागी नारळ ठेवून त्याने त्याच्या आईसमोर शब्द दिला होता की मामा असेपर्यंत या इंजिनाला दुसरा हात लागणार नाही. मी काही मागितलं नव्हतं. खाण बंद झाल्यापासून मला कोणी असं काही दिलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

२ ऑक्टोबर, दसरा

चाललं! पहिल्या दणक्यात सुरू, थ्रॉटल मागे घेतला, सतराशे पन्नास, थरथर नाही. सत्तेचाळीस मिनिटं चालवलं. दोन्ही काटे जसे ठेवले तसे. हत्यारांना हातही न लावता.

देवाने ऐकलं. विनिताला सोनं देताना सांगितलं, तर ती म्हणाली, "पूजेच्या रातीक कोण हत्याराक हात लायत?" मी म्हटलं, तेच तर, हात न लावता झालं.

४ ऑक्टोबर, शनिवार

देवाने दोनच दिवस ऐकलं. आज पुन्हा उजवी बाजू खाली.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. डावीकडचा टिळा इंजिनाच्या उष्णतेने काळवंडून सुकला आहे, उजवीकडचा अजून लालभडक आणि ओलसर. म्हणजे उजवी बाजू थंड चालते. थंड म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. या धाग्यावर उद्या काम करायचं. साईशला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. कौतुकाने असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

धागा कुठेच गेला नाही.

साईश सकाळी म्हणाला, "मामा, रागाव नकात. एक फावट कान तपासून घेवया?" गेले दोन आठवडे तेच मनात येत होतं, पण मनात येणं वेगळं आणि दुसऱ्याने म्हणणं वेगळं. स्वतःच्या गाडीने पणजीला घेऊन गेला. तिथे एका काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टरीण म्हणाली, अगदी बारीक आवाज थोडे कमी येतात, बाकी वयाच्या मानाने उत्तम.

परत येताना साईशने भाजी-पाव खायला घातला, माझ्या पावाला लोणीही त्यानेच लावलं. म्हणाला, "वयाप्रमाणे जाताच मामा. ल्हान गजाल आसा." मी म्हटलं, उत्तम म्हणाली ना ती? तो म्हणाला, "व्हय, वयाच्या मानान."

घरी येऊन मिक्सर, पंखा, नळ, सगळं डोळे मिटून ऐकलं. पंख्याचा बेअरिंग जाणार आहे. एवढं तर कळतं मला.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचं लिहू नये असं वाटतं, पण तक्रारवहीत सोयीचं तेवढंच लिहायचं नसतं.

साईशचे पुण्याचे भागीदार विमान बघायला आले होते. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. काल संध्याकाळी तर दोनदा मोजलं होतं. सुरू केलं, रेस केली, सगळे खूष. मग थ्रॉटल मागे घेतला आणि अख्खं विमान गदगदायला लागलं, पंख्यासकट. बंद पडलं. भागीदारांनी गॉगल वर केला आणि इंजिन सोडून माझ्याकडे बघितलं.

साईश पुढे आला. माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, अगदी हळू, म्हाताऱ्याच्या हातून काठी घ्यावी तसा. थेट उजव्या बाजूला गेला, वाकला, मनगट एकदा फिरवलं. सुरू केलं. सतराशे पन्नास. दोन मिनिटं लागली नाहीत.

ना काटे लावले, ना ऐकलं. नुसता थेट उजवीकडे! याला म्हणतात हात. मी शिकवलेला हात आता माझ्या पुढे गेला, याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण स्कूटरवर येताना अस्नोड्याच्या पुलाशी गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. डोळ्यांत वारा जात होता. माझ्या हाताखाली रोज बिघडतं आणि त्याच्या हाताखाली चालतं, याचा अर्थ लहान मुलालाही कळेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

ठरवलं. मीच सोडतो. मला काढायची वेळ त्याच्यावर आणायची नाही, पोराने नारळ ठेवून शब्द दिला आहे. भाऊबिजेला विनोदिनीकडे, त्याच्या आईसमोर, आपण होऊन सांगेन. चिठ्ठीही लिहिली, म्हणजे बोलताना अडलो तर ती पुढे करता येईल. "माझे कान आणि हात आता या कामाला पुरे पडत नाहीत." हे वाक्य चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं, पाचव्यांदा तसंच ठेवलं.

विनिताने चिठ्ठी वाचली. म्हणाली, "ह्या खोटा आसा." मी म्हटलं, मग खरं काय ते तू सांग. ती म्हणाली, "मी सांगलंय तेव्हा तुमी पान सोडून उठलास."

१५ ऑक्टोबर, बुधवार

नवा इंजिनियर आला. नाव अभिजीत, गडहिंग्लजकडचा, विमानाच्या इंजिनांचं सर्टिफिकेट असलेला. भागीदारांनी पाठवला आहे. साईश म्हणाला, तुमच्या मदतीला. मी मनात म्हटलं, घे, म्हणजे उत्तराधिकारीही आला, आणि त्याचा राग करायची पूर्ण तयारी करून गेलो. पण त्याने आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुमची वही बघू काय? कायकाय करून झालंय ते कळलं तर माझं डोकं वाचंल." तासभर बसून तक्रारींची पानं वाचली (घरचं असतं ती मी हाताने झाकली). शेवटी म्हणाला, "काका, ह्यात तुम्ही काय सोडलेलंच नाही की ओ." माझा राग करायचा बेत तिथेच फसला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

सकाळी साईश पणजीला गेला होता. शेडमध्ये मी आणि अभिजीत. इंजिन नेहमीसारखं उजवीकडे ढासळलेलं. अभिजीत वाकून बघत होता, हसून म्हणाला, "काका, ही तुमची आयडिया भारी हाय. आम्ही पिवळी लाख लावतो, तुम्ही पिंजर लावलासा."

मी विचारलं, कसली लाख?

"खुणेची ओ. स्क्रू एकदा लावला की डोक्यावरनं बाजूच्या धातूवर एक रेघ मारायची. कुणी स्क्रू फिरवला तर रेघ तुटती. फिरवणाऱ्याला लपवता येत नाही." मग जरा वेळाने म्हणाला, "पण हे उजवीकडचं तुम्ही परत लावलंय वाटतं. ताजं दिसतंय."

मी म्हटलं, मी एकदाच लावलं. खंडेनवमीला.

मी चष्मा लावून जवळ गेलो. डावीकडे माझा टिळा, लहान, काळा, कडक सुकलेला, अखंड. उजवीकडे मोठा लाल टिळा, उभा, रुंद, ढपकन लावलेला. त्यात बोटाच्या रेषाही दिसत होत्या. करंगळीशेजारचं बोट एवढं रुंद नसतं. तो अंगठा होता.

फडक्याला पेट्रोल लावून वरची पिंजर अलगद पुसली. खाली माझा जुना टिळा होता. धातूवरचा अर्धा जागच्या जागी. स्क्रूच्या डोक्यावरचा अर्धा मागे फिरून गेलेला, अर्धा आटा. मी स्क्रूड्रायव्हर घातला आणि अर्धा आटा पुढे घेतला. दोन्ही अर्धे जुळून पूर्ण टिळा झाला. इंजिन सुरू केलं. सतराशे पन्नास.

अभिजीतने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "काका, मी जरा बाहेर फोन करून येतो." त्याला फोन करायचा नव्हता.

मग मी तिथेच बाल्दी उपडी करून बसलो आणि एकेक आठवत गेलं. कुलूप मी लायतंय मामा. उजवाच, दर वेळी. थेट उजवीकडे जाणारं मनगट. आणि दसरा! दसऱ्याला इंजिन का चाललं? हत्यारं पूजेत होती, त्यांना हात लावायचा नव्हता. तेवढा देव मानतो पोरगा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. अभिजीतला चहाला पाठवलं आणि साईशला उजव्या बाजूला नेऊन फक्त एवढंच म्हटलं, "ह्यो टिळो कोणी लायलो?"

त्याने पटकन उत्तर दिलं. विचार करायला वेळच घेतला नाही. "मोडलो होतो मामा. खंडेनवमीचो टिळो मोडको ठेवूक बरा दिसत नाय, म्हणून..." आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. तोंड उघडंच राहिलं. लहानपणी साखर चोरताना पकडला की अगदी असाच दिसायचा, आणि एवढं सगळं होऊन त्या क्षणी मला त्याची कीव आली, याचाच मला जास्त राग येतो.

"दर फावट लायलंस?"

"दर फावट."

"कित्याक रे?"

खाली बसला. म्हणाला, भागीदार वर्षभर मागे लागले होते, सर्टिफिकेटवाला माणूस नसेल तर पाहुणे बसवता येणार नाहीत म्हणून. "तुमका तोंडार कसा सांगू मामा? देवासमोर शब्द दिल्लो. तुमी आपण सोडल्यात तर शब्द मोडना. म्हणून..."

"म्हणून तू माझे हात खोटे केलंस."

"कोणाक धोको नव्हतो. उडवच्या आधी मी परत बरोबर लायतंय. अर्धोच आटो मामा."

अर्धाच आटा. पहिल्यापासून मीच शिकवलं होतं त्याला की स्लोच्या स्क्रूला अर्ध्या आट्याच्या वर हात लावू नये, इंजिन घाबरतं.

सर्टिफिकेट हवं, म्हणून जा, असं तो एका वाक्यात म्हणाला असता तर मला वाईट वाटलं असतं. आठवडाभर बोललो नसतो. मग अभिजीतला सगळं समजावून दिलं असतं आणि घरी स्कूटरी उघडल्या असत्या. पण त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं. माझ्या कानात शिट्ट्या वाजत होत्या, मी आज्ञाधारकपणे बटण दाबत होतो आणि तो बाहेरच्या बाकावर बसून होता. मग पावाला लोणी लावून दिलं. त्या लोण्याने मला जेवढं लागतं तेवढं स्क्रूने लागत नाही.

त्याला म्हटलं, "मोडको टिळो तुका बघवलो नाय. मोडको मामा कसो बघवलो रे?"

तो रडायला लागला. मी हेल्मेट घेतलं आणि निघालो.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

विनिताने पाच तऱ्हेचे फोव (पोहे) केले. गुळाचे, दह्याचे, ताकाचे, बाकीचे कोणते ते बघितले नाहीत. सगळं सांगितल्यावर तिने "मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जाणार नव्हतो. विनिता म्हणाली, विनोदिनीने काय केलंय? भाऊ एकच आहे तिला. गेलो.

साईश घरी नव्हता, सड्यावर होता, परवापासून पाहुणे सुरू होणार आहेत. विनोदिनीने पाट मांडला, रांगोळी काढली. मी टोपी घालून बसलो. तिने पिंजरीत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणता आणता म्हणाली, "दादा, तू तेच्यार रागाव नको. तो तुका दुखवूक बघी नव्हतो."

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"साईशन सांगलां तुका?"

"व्हय," म्हणाली. मग तिचं बोट हवेतच राहिलं. खोटं तिला कधी जमलंच नाही, लहानपणी तिच्या वाटचा मारही मी खायचो. "दादा, मीच म्हटलेला तेका. तोंडार सांगू नको, मामाक लागतला, गावात तोंड दाखवूक जावचो नाय. तेका आपणाकच सोडूंदे, असा कायतरी कर. कसा करतलो ता माका खबर नव्हता. आईची शप्पथ नव्हता."

म्हणजे माझा मान राखायला दोघांनी मिळून हे केलं. गावात माझं तोंड वर राहावं म्हणून मला माझ्या घरात मान खाली घालायला लावली.

मी उठलो नाही. भाऊबिजेला पाटावरून उठलेला भाऊ आमच्यात कोणी ऐकलेला नाही. तिने टिळा लावला, ओवाळलं. ओवाळणी तबकात ठेवली. जेवलो नाही. दाराशी ती म्हणाली, "दादा, कायतरी बोल रे." मी म्हटलं, तुझ्या पंख्याचा बेअरिंग वाजतो आहे, बदलून घे.

घरी आलो तर हेल्मेटने टिळा पसरून गेला होता. विनिता ओलं फडकं घेऊन आली, "नीट करू?" मी म्हटलं, राहू दे तसाच.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अंगणात एका पदेराची, म्हणजे पाववाल्याची, स्कूटर खोलून बसलो होतो. कार्बोरेटरच. पदेर टोपल्याशेजारी उभा होता, त्याला घरोघर पोया (पाव) वाटायच्या होत्या, घाईत होता.

फोन वाजला. साईश. पहिल्यांदा घेतला नाही. लगेच दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा घेतला. मागे इंजिन चालू होतं.

"मामा, फोन ठेव नकात. इंजिन स्लोक धरना. अभिजीत आज गावाक गेलो. पाहुणी बायल बसलीसा, तिचे घरवाले भायर उभे आसत. मामा, ह्या फावट मी हात लावक नाय. देवाची शप्पथ. माझ्या बापाशीची शप्पथ. तुमका खोटा दिसतला, पण..."

बोलत सुटला होता. मी डोळे मिटले. उजव्या स्क्रूची थरथर मी तीन आठवडे रोज ऐकली आहे, ती एका चालीवर असते. ही तशी नव्हती. फेरे आपोआप चढत होते, मग पडत होते, मध्येच फट्ट करून परत चढत होते. हवा ओढत होतं कुठून तरी. आणि मला पेनाची रेघ दिसावी तशी माझ्याच वहीतली ओळ दिसली. २६ सप्टेंबर. डावं रबर, केसाएवढी रेघ. पुढच्या महिन्यात.

महिनाभर आम्ही दोघे उजवीकडेच खेळत होतो. मी तिथे शोधत होतो आणि तो तिथे लपवत होता. तेवढ्यात डावीकडे खरं फाटत होतं आणि बघायला कोणी नव्हतं. मीही नव्हतो. अभिजीतला ते पान दाखवलं होतं, पण टिळ्यानंतर रबर माझ्या डोक्यातूनच गेलं. ही चूक माझी, तीही लिहून ठेवतो.

"साईश, पयली इंजिन बंद कर. मगे त्या बायलेक खाली उतरय. डाव्या बाजूचा रबर पीळ आणि बघ."

इंजिन थांबलं. मग त्याचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "मामा, दोन बोटां जातत आत."

"नवा रबर येयपर्यंत विमान शेडभायर काढू नको. अभिजीतक फोन कर."

"मामा, तुमी येशात? मी येतंय गाडी घेऊन. आताच येतंय."

अंगणात पदेर घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "माझ्याकडे गिऱ्हाईक आसा," आणि फोन ठेवला.

विनिता खिडकीतून ऐकत होती. "कोण, साईश?"

"व्हय. ह्या फावट आपण हात लावक नाय म्हणता. बापाशीची शप्पथ घेता."

"आणि तुमी खरा मानलास?"

"तेची शप्पथ कोण आयकता," मी म्हटलं. "मी इंजिन आयकलंय."

मग स्कूटरला किक मारली, थ्रॉटल सोडला आणि स्लोचा स्क्रू लावायला घेतला.